सहीपूर्वी आणि नोटिशीनंतर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी कर्ज, जप्ती आणि लिलाव असले शब्द तोंडातून काढावेत की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. चिटणीसबाई बोलावण्यास घरी आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलेही, "अहो, मला जे सांगता येईल ते समारंभाला शोभणारे नाही." त्या म्हणाल्या, "मावशी, शोभणारी भाषणे आपण दर वर्षी ऐकतो. यंदा उपयोगी पडणारे ऐकू." तेव्हा आज जे कानाला गोड लागणार नाही, त्याचा दोष निम्मा त्यांचा आहे!

मी वकील नव्हे. बँकेत नोकरीही केलेली नाही. या विषयातले जे काही मला ठाऊक आहे, ते आमच्या दारावर एक कागद चिकटला म्हणून. तो कागद चिकटण्यापूर्वी हे ठाऊक असते, तर कदाचित आजही मी मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरातूनच या सभेला चालत आले असते.

प्रथम सहीची हकीकत सांगते. २०१४ साल. श्रावणातला शुक्रवार होता आणि घरात पुरणाचा स्वयंपाक चालला होता. आमच्या यांचा उद्यमनगरात छोटा कारखाना. फौंड्रीतून आलेले ओतीव भाग घासून, छिद्रे पाडून, मापात आणून देण्याचे काम. नवे संगणकावर चालणारे यंत्र घ्यायचे ठरले होते. त्यासाठी पंचेचाळीस लाखांचे कर्ज मंजूर झाले आणि कागद सहीसाठी घरी आले. यांनी हाक मारली, "जरा बाहेर ये, सह्या करायच्या आहेत." तव्यावर पोळी होती. मी हात पुसत बाहेर आले. जिथे पेन्सिलीने फुली मारली होती तिथे तिथे सही केली. माझ्यानंतर सासूबाईंनी चष्मा लावून केल्या, कारण घर त्यांच्या नावावर होते. सह्या किती झाल्या ते मी मोजले नाही. आत धावत गेले आणि पोळी करपली नाही, याचेच मला समाधान वाटले.

भगिनींनो, त्या पाच मिनिटांत मी जामीन झाले होते आणि सासूबाईंनी घर गहाण टाकले होते. आम्हा दोघींनाही ते कळले नव्हते. यांनी काही लपविले होते असे मी म्हणणार नाही. त्यांनाही ती नेहमीची रीतच वाटली.

आता तारण म्हणजे काय, ते आपल्या बायकांच्या भाषेत सांगते.

सोनेतारण आपल्याला सर्वांना ठाऊक आहे. पाटल्या सराफाच्या किंवा बँकेच्या तिजोरीत जातात, पैसे आपल्या हातात येतात. पैसे फेडले नाहीत तर तो नोटीस देऊन पाटल्या विकतो. वस्तू त्याच्याच हातात असल्यामुळे त्याला कोणाच्या दारात जावे लागत नाही.

दुसरा प्रकार म्हशीचा. आपल्या जिल्ह्यात कर्जावर म्हैस घेतली की ती गोठ्यात आपल्याच असते. धार आपणच काढतो, हप्ता दुधाच्या बिलातून कापून जातो. म्हैस आपली, पण तिच्यावर बोजा कर्ज देणाऱ्याचा. कारखान्यातील यंत्र, कच्चा माल, तयार माल आणि गिऱ्हाइकांकडून येणे असलेली बिले यांवरचे कर्ज असेच असते. वस्तू वापरायची आपण, आणि हक्क त्यांचा.

तिसरा प्रकार घराचा. घराचे मूळ कागद कर्जाच्या हमीसाठी म्हणून बँकेत ठेवले की तेवढ्यानेही गहाण होऊ शकते. मोठा दस्त झाला नाही, कचेरीत जावे लागले नाही, म्हणजे गहाण झाले नाही, अशा भ्रमात राहू नये. आणि चौथा प्रकार जामिनाचा. त्यात वस्तू काहीच दिसत नाही, फक्त सही दिसते. परंतु १८७२ च्या करार कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की, करारात निराळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "आधी त्यांच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या," असे जामीनदाराला म्हणता येत नाही.

पूर्वी बँकेला घर किंवा कारखाना विकायचा असला, तर दिवाणी कोर्टात दावा लावून वर्षानुवर्षे तारखा मोजाव्या लागत. १९९३ च्या कायद्याने बँकांच्या वसुलीसाठी निराळी न्यायाधिकरणे झाली. तिथेही कामे तुंबली. मग २००२ साली जो कायदा आला त्याला सर्वजण सरफेसी म्हणतात. त्याचे संपूर्ण नाव इतके लांब आहे की ते उच्चारीपर्यंत आपला चहा निवेल. त्याचा गाभा मात्र एका वाक्यात सांगता येतो: तारण घेतलेल्या बँकेला, कोर्टाचा हुकूमनामा न आणता, स्वतःच ताबा घेऊन तारण विकता येते. म्हणजे सराफाला पाटल्यांच्या बाबतीत जे करता येत होते, ते बँकेला घराच्या बाबतीत करता येऊ लागले. फरक एवढाच की पाटल्या तिजोरीत असतात, आणि घरात माणसे असतात. म्हणून कायद्याने बँकेच्या वाटेवर काही पायऱ्या घातल्या आहेत. त्या पायऱ्या तारखांच्या आहेत. आपण चुकतो ते तिथेच.

आमचे कसे चुकले ते आता सांगते.

२०१९ साली मोटारींच्या धंद्यात मंदी आली. मोटारी खपेनात म्हणून सुटे भाग नकोत, सुटे भाग नकोत म्हणून ओतकाम नको, आणि ओतकाम नको म्हणून आमच्या यंत्राला काम नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, सगळीकडे पाळ्या कमी झाल्या. आमचे हप्ते एप्रिलपासून थकले. नव्वद दिवसांहून अधिक काळ थकबाकी राहिली की बँकेच्या वहीत ते खाते अनुत्पादक ठरते. आमचे तसे ठरले आणि ऑगस्टच्या आरंभी नोटीस निघाली. तो महापुराचा पंधरवडा होता. पंचगंगेचे पाणी उतरेना, महामार्ग बंद, टपाल बंद. लखोटा आमच्या हाती आला तेव्हा त्यातले पंधरा दिवस गेलेले होते.

ही पहिली पायरी. या नोटिशीत किती रक्कम येणे आहे आणि कोणते तारण बँक विकू पाहते, हे लिहिलेले असावे लागते. नोटिशीच्या तारखेपासून साठ दिवसांत सर्व रक्कम भरा, असे ती सांगते. नोटीस आल्यावर, धंद्यातला रोजचा माल सोडून, तारण असलेली कोणतीही वस्तू बँकेच्या लेखी संमतीवाचून विकता येत नाही किंवा भाड्यानेही देता येत नाही.

परंतु या साठ दिवसांत आपल्यालाही एक हक्क आहे. आपली हरकत, आपली अडचण, हिशेबातली चूक लिहून पाठविता येते. ते पत्र बँकेला विचारात घ्यावेच लागते, आणि हरकत मान्य नसेल तर पंधरा दिवसांत कारणे लिहून कळवावे लागते. हा हक्क सहज मिळालेला नाही. २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला, पण बँकेने कर्जदाराच्या हरकतीला उत्तर दिलेच पाहिजे असेही सांगितले. शिवाय न्यायाधिकरणात जाण्यापूर्वी पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची जी अट होती, ती अन्यायाची म्हणून काढून टाकली.

आम्ही पत्र पाठविले का? नाही. त्याचे कारण ऐका.

आमच्या ओळखीचे एक सल्लागार होते. ते म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. तुमचे कर्ज सहकारी बँकेचे आहे. हा कायदा सहकारी बँकेला लागूच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. तुम्ही काही लिहूनसुद्धा देऊ नका." बुडत्याला काडी सापडावी तसे आम्हाला झाले. नोटीस देवघराच्या फळीवर ठेवली आणि आम्ही निश्चिंत झालो.

सल्लागारांचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते. गंमत अशी की ते प्रकरण आपल्याच जिल्ह्यातले होते. कागल तालुक्यात वेदगंगेच्या काठी मुरगूड आहे. तिथल्या विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेचा एका कर्जदाराशी चाललेला वाद दिल्लीपर्यंत गेला होता. वाद घटनेतला होता. सहकारी संस्था हा राज्याचा विषय, बँकिंग हा केंद्राचा. मग राज्याच्या कायद्याखाली नोंदलेली सहकारी बँक ही संस्था समजायची की बँक? केंद्र सरकारने २००३ सालीच अधिसूचना काढून सहकारी बँकांना या कायद्यात घेतले होते. परंतु २००७ साली दुसऱ्या एका दाव्यात, १९९३ च्या वसुली कायद्यापुरत्या सहकारी बँका या बँका नव्हेत, असा निर्णय झाला होता. त्यामुळे गोंधळ होता, आणि थकलेल्या कर्जदारांना त्या गोंधळाचा आडोसा वाटत होता.

५ मे २०२० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला. सहकारी बँक बँकिंगचा व्यवहार करते, ठेवी घेते, कर्जे देते. कर्जाची वसुली हा बँकिंगचाच आवश्यक भाग आहे. म्हणून सरफेसी कायदा तिला लागू आहे. मुरगूडच्या बँकेचे नाव असे देशभरच्या कायद्याच्या पुस्तकांत गेले, आणि आमचा आडोसा गेला.

पण आमचे नुकसान त्या निर्णयाने झाले नाही, हे मला आज स्वच्छ दिसते. ते आम्ही वाट पाहत बसल्याने झाले. निर्णय लागेपर्यंत कायद्याच्या तारखा काही थांबल्या नव्हत्या.

दुसरी पायरी २०१९ च्या नोव्हेंबरातच आली होती. दिवाळी नुकतीच झाली होती आणि दारावरचे तोरण अजून उतरविले नव्हते. दोन माणसे आली, पंचनामा केला आणि तोरणाच्या खाली ताब्याची नोटीस चिकटविली. दोन वर्तमानपत्रांत ती छापून आली. त्यांतले एक मराठी असावे लागते, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचता येते. याला कागदोपत्री ताबा म्हणतात. माणसे घरातच राहतात, पण घर बँकेच्या ताब्यात आहे असे जगाला जाहीर होते. सासूबाईंनी विचारले, "हे काय लावलंय गं दाराला?" मी म्हटले, "नगरपालिकेचं काहीतरी आहे." महानगरपालिका होऊन इतकी वर्षे झाली तरी त्या नगरपालिकाच म्हणत. त्यांच्याशी बोललेले ते माझे पहिले खोटे.

या दिवसापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. आपल्या कोल्हापूरकरांना त्यासाठी पुण्यास जावे लागते. दिवाणी कोर्टाचे दार या कायद्याने बंद केले आहे. कर्जदार, जामीनदार, घराचा मालक, कोणीही हा अर्ज करू शकतो. तिथे आधी कर्जाची रक्कम भरावी लागत नाही. ती अट वरच्या अपिलाला आहे, निम्म्या रकमेची, आणि ती पाव हिश्श्यापर्यंत कमी होऊ शकते. आमचे पंचेचाळीस दिवसही देवघराच्या फळीवर गेले.

तिसरी पायरी प्रत्यक्ष ताब्याची. त्यासाठी बँकेला बळजबरी करता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. बँकेने शपथपत्र दिले आणि कागद बरोबर असले की जिल्हाधिकारी आदेश देतात, आणि मग महसूल खात्याची माणसे पोलिसांसह येऊन कुलूप लावतात. जिल्हाधिकारी तिथे कर्जाचा न्याय करीत नाहीत. तुमचे म्हणणे खरे की बँकेचे, हे ठरविण्याची ती जागा नव्हे. कित्येकजण तिथे जाऊन रडतात. रडण्याची जागा चुकते एवढेच.

चौथी पायरी विक्रीची. मान्यताप्राप्त मूल्यमापकाकडून किंमत काढतात, राखीव किंमत ठरवितात, आणि तीस दिवसांची नोटीस देऊन लिलाव करतात. बोली जिंकणाऱ्याला पंचवीस टक्के लागलीच भरावे लागतात आणि बाकीचे पुढे ठरलेल्या मुदतीत. आलेले पैसे देण्यापेक्षा जास्त असतील तर उरलेले मालकाला परत मिळतात. कमी पडले तर उरलेल्यासाठी बँक पुन्हा कर्जदाराकडे आणि जामीनदाराकडे येते. घर गेले म्हणजे कर्ज संपले, असे समजू नये.

विक्री हाच एक मार्ग असतो असेही नाही. आपल्या गिऱ्हाइकांकडून जे येणे आहे ते परस्पर बँकेत भरा, असे बँक त्यांना लिहू शकते. तारण भाडेपट्ट्यानेही देता येते. चंदगड तालुक्यातील हलकर्णीचा दौलत साखर कारखाना आपल्या जिल्हा बँकेने थकबाकीपोटी भाडेपट्ट्याने चालविण्यास दिल्याचे आपण वर्तमानपत्रांतून वाचले आहे. चालता कारखाना भंगारात जाण्यापेक्षा चालत राहिलेला ऊस पिकविणाऱ्यालाही बरा आणि बँकेलाही बरा.

आता आमच्या घराचे काय झाले ते ऐका.

२०२१ च्या आरंभी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला. त्या दिवशी मी फळीवरची सगळी पाकिटे खाली काढली आणि पहिल्यांदा वाचायला बसले. वाचताना प्रत्येक कागदाची तारीख कॅलेंडरवर लिहिली. मग एकटीच बँकेत गेले. प्राधिकृत अधिकाऱ्यांना म्हटले, "मी जामीनदार आहे. मला सर्व कागदांच्या नकला आणि आजचा हिशेब द्या." मला वाटले होते, ते हाकलून देतील. त्यांनी खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, दीड वर्ष तुमच्याकडून कोणी आलेच नाही."

ते वाक्य मला अजून टोचते.

त्यांनी सांगितले की लिलावाची जाहिरात अद्याप निघालेली नाही, आणि ती निघेपर्यंत सर्व देणे भरून घर सोडविण्याचा तुमचा हक्क शाबूत आहे. भगिनींनो, माझ्या भाषणातले बाकी सर्व विसरलात तरी एवढे ध्यानात ठेवा. पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत पैसे भरून घर सोडविता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीने ती मर्यादा लिलावाच्या जाहिरातीपर्यंत मागे आणली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बाफना मोटर्सच्या प्रकरणात ते स्पष्ट केले. जाहिरात निघाल्यावर पैसे घेऊन धावत गेलात, तरी तो हक्क उरत नाही.

आमच्याकडे पैसे नव्हते, घर होते. बँकेने एकरकमी परतफेडीस पंचावन्न लाख मान्य केले. तिच्या मूल्यमापकाने घराची किंमत एकसष्ट लाख काढली होती. लिलावात गेले असते तर तेवढ्याच्या आसपास गेले असते, कारण चिकटलेल्या नोटिशीचे घर घेणारा किंमत पाडूनच मागतो. आम्ही बँकेची लेखी संमती घेतली, गिऱ्हाईक स्वतः शोधले, आणि पेठेतल्याच एका कुटुंबाला घर चौऱ्याहत्तर लाखांना दिले. त्यांनी पंचावन्न लाख परस्पर कर्जखात्यात भरले, बँकेने बेबाकीचा दाखला आणि मूळ कागद दिले, मग खरेदीखत झाले. उरलेल्या पैशांत उपनगरात दोन खोल्यांची जागा घेतली. यंत्र आणि कारखाना वाचला.

सासूबाईंना मी सर्व खरे सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सही मीच केली ना? मग तू का रडतेस?" निघताना त्यांनी तुळशीवृंदावनातली माती एका डब्यात भरून घेतली. नव्या जागेत तुळस आहे. वृंदावनाला मात्र जागा नाही.

आता कोणी म्हणेल, बँका निष्ठुर असतात. मीही तसे म्हणत असे. एके दिवशी बँकेच्या पायरीवर आमच्या जुन्या पेठेतल्या एक वृद्ध बाई भेटल्या. धुणीभांडी करून साठविलेले पैसे त्यांनी त्याच बँकेत ठेवले होते. मला विचारू लागल्या, "बँक बरी हाय नव्हं? लोक कर्ज बुडवत्यात म्हणं." मला उत्तर सुचेना. आमच्या यंत्रात त्यांचेही पैसे होते. ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा आहे, हे खरे. पण बँक अडचणीत आली की ते हाती पडेपर्यंत माणसाने काय खायचे? सहकारी बँकेत धनको आणि ऋणको एकाच गल्लीत राहतात. वसुलीचा कायदा नसावा असे मला आज वाटत नाही. तो पायरीपायरीने चालावा, आणि ज्याच्यावर चालतो त्याला त्या पायऱ्या ठाऊक असाव्यात, एवढेच वाटते.

शेवटी चार गोष्टी सांगून पुरे करते.

पहिली सहीपूर्वीची. कागद घरी आले तर म्हणा, "ठेवून जा, उद्या सही करते." मी काय होते आहे, सहकर्जदार, जामीनदार की घर गहाण टाकणारी, हे विचारा. जामीन किती रकमेपुरता आणि कोणत्या कर्जापुरता, हे लिहून घ्या. चालू जामीनकी असेल तर पुढे वाढविलेले कर्जही तिच्यात येऊ शकते. अशी जामीनकी पुढील व्यवहारांपुरती लेखी नोटीस देऊन मागे घेता येते; झालेल्या कर्जातून मात्र सुटका नाही. आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल घरात ठेवा.

दुसरी, हप्ता थकण्यापूर्वीची. काम कमी झाले की नव्वद दिवसांची वाट न पाहता बँकेला लिहून कळवा. लहान उद्योगांचे थकू लागलेले खाते सावरण्यासाठी २०१५ साली सरकारने आणि २०१६ साली रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना एक पद्धत घालून दिली आहे. ती बँकांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी सांगितले. पण त्याच निकालात हेही सांगितले की उद्योजकानेही जागरूक राहून, खाते अनुत्पादक होण्यापूर्वी, आपण लघुउद्योग आहोत याचे कागद पुढे केले पाहिजेत. सर्व झाल्यावर शेवटच्या दिवशी तो मुद्दा काढून चालत नाही. तेव्हा उद्योगाची सरकारी नोंदणी आजच पाहून ठेवा. कर्ज सहकारी बँकेचे असेल तर तिच्याकडे अशी कोणती सोय आहे, हे तिथेच लेखी विचारा.

तिसरी नोटिशीनंतरची. साठ दिवसांत उत्तर, ताब्यानंतर पंचेचाळीस दिवसांत न्यायाधिकरण, आणि लिलावाच्या जाहिरातीपूर्वी तडजोड. हे तीन आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. लखोट्यावरची तारीख आणि आतली तारीख, दोन्ही पाहा. "कायदा लागू नाही" असे कोणी म्हणाले, तर ते त्यांच्याकडून लिहून मागा. पुष्कळांचा धीर तिथेच सुटतो. शेतजमिनीला सरफेसी कायदा लागू नाही हे खरे आहे, परंतु सहकारी बँकेला सहकार कायद्याच्या १०१ कलमाचा वसुली दाखला घेऊन तिथेही पोहोचता येते. म्हणून अर्धवट माहितीवर झोपू नका.

चौथी गोष्ट कायद्याची नाही. घरात बोला. यांनी मला सांगितले नाही, मी सासूबाईंना सांगितले नाही, आणि फळीवरचे पाकीट मात्र आम्हा तिघांनाही दिसत होते. कर्जाने घर गेले असे लोक म्हणतात. मी म्हणेन, अर्धे घर त्या गप्प बसण्याने गेले.

गेल्या महिन्यात आमच्या सुनेपुढे मुलाने एक कागद ठेवला. कारखान्याला नव्या कर्जाची गरज आहे. ती कणीक मळत होती. हात धुऊन आली, चष्मा लावला आणि म्हणाली, "आज नाही. उद्या दुपारी आई आणि मी दोघी मिळून वाचू." आम्ही वाचला. तिने दोन ठिकाणी शंका काढल्या, आणि जामिनाची रक्कम बँकेकडून लिहून घेतली. मगच सही केली.

कर्ज काढू नका असे सांगायला मी आलेली नाही. कर्जावाचून उद्यमनगर उभे राहिले नसते, आणि आपल्यापैकी कित्येकींच्या घरातली चूल पेटली नसती. फक्त सहीच्या वेळी तव्यावरची पोळी करपली तर करपू द्या.